एकाच रथात

श्रीमद्भगवद्गीता कोठे सांगितली गेली, ह्या प्रश्नाचे उत्तर लहान मुलालाही ठाऊक असते; परंतु त्या उत्तरावर मनन मात्र क्वचितच होते. उपनिषदांतील पुष्कळशी चर्चा आश्रमात, अरण्यात किंवा राजसभेत झाली. गीता सांगितली गेली ती एका वाहनात बसून. पुढे अश्व जुंपलेले, हातात लगाम, दोन्ही बाजूंस आप्तस्वकीय शस्त्रे उगारून उभे, आणि रथात दोघेच जण : एक सारथी, एक रथी. दोघे एकमेकांचे नातलग, बाळपणापासूनचे नसले तरी आयुष्याच्या पुष्कळ वाटा बरोबर चाललेले सखे. गृहस्थाश्रमी मनुष्याला ह्यात केवढा दिलासा आहे! ज्याला अरण्यात जाता येत नाही, ज्याचे अर्धे आयुष्य प्रपंचाच्या वाटेवर ये-जा करण्यात जाते, त्याच्याही वाहनात गीता उतरू शकते. मात्र शेजारी कोण बसले आहे आणि आपण त्याच्याशी कसे बसलो आहोत, ह्यावर ते अवलंबून आहे.

कठोपनिषदाने शरीराला रथ म्हटले, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे. ज्याचा सारथी जागा आणि लगाम आवरलेला, तोच वाटेच्या शेवटाला पोहोचतो, असा तेथील निर्वाळा आहे. महाभारतात यक्षाने धर्मराजाला अनेक प्रश्न विचारले. त्यांत प्रवासाला निघालेल्याचा मित्र कोण, असाही एक प्रश्न होता. धर्मराजाने उत्तर दिले, वाटेतला सोबती. घरी असताना धन, मान, ओळखीपाळखी कामास येतात. वाटेत मात्र जो बरोबर असतो तोच उपयोगी पडतो.

परंतु सोबती दोन प्रकारचे असतात, हेही महाभारतच सांगते. अर्जुनाच्या रथावर श्रीकृष्ण होते, तर कर्णाच्या रथावर शल्य. दोघेही अश्वविद्येत निपुण. शल्याने कर्णाचे घोडे वाईट हाकले, असे कोठेही नाही. त्याने बिघडवले ते कर्णाचे मन. ऐन रणात तो त्याला टोचून बोलत राहिला, त्याचे उणे काढत राहिला आणि त्याचे तेज हरण करत राहिला. उलट अर्जुन गळून गेला तेव्हा श्रीकृष्णांनी त्याला झिडकारले, समजावले, विश्वरूप दाखवले, आणि अखेरीस, अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, सर्व सांगून झाल्यावर ‘नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर’ अशा आशयाने निर्णय त्याच्याच हाती ठेवला. सोबत्याचे तेज वाढवणारा आणि सोबत्याचे तेज हरण करणारा, असे हे दोन सारथी आहेत. प्रत्येक मनुष्य आपल्या माणसांच्या वाटेवर ह्या दोहोंपैकी एक होत असतो. पुष्कळदा एकाच दिवसात दोन्हीही होतो. हे स्पष्ट व्हावे म्हणून एक दृष्टांत पाहावा.

दोन सख्खे भाऊ आहेत, असे कल्पावे. थोरला साताऱ्यास राहणारा, सेवानिवृत्त. धाकटा पुण्यास नोकरीस. वडील गेल्यावर गावाकडचे घर आणि लगतची थोडी जमीन ह्यांवरून वाद झाला, तो न्यायालयात गेला, आणि सहा वर्षांत दोघांमध्ये वकिलांखेरीज कोणी बोलले नाही. आई त्या सहा वर्षांत बंगळूरला मुलीकडे राहिली. आता तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. तिने मुलीकरवी दोघांना एकच निरोप पाठवला, ‘येणार असाल तर एका गाडीतून या. वेगवेगळे येणार असाल तर येऊ नका.’ आईची आज्ञा मोडण्याचे धैर्य दोघांनाही झाले नाही. धाकट्याने पहाटे पाचला पुणे सोडले, सातच्या सुमारास साताऱ्यास थोरल्याला गाडीत घेतले, आणि आठशे चाळीस किलोमीटरांच्या त्या वाटेतील पुढचा सारा दिवस दोघे भाऊ एकमेकांच्या शेजारी बसले.

मागच्या आसनावर थोरल्याची पिशवी होती. तीत आईसाठी घरचे तूप होते, भस्माची पुडी होती, आणि एका पाकिटात बहिणीच्या नावाने केलेला हक्कसोडपत्राचा मसुदा होता. बहिणीने आपला वाटा सोडल्याशिवाय कोणाचेच काम पुढे सरकणार नाही, असे दोन्ही वकिलांचे मत पडले होते. सहा वर्षांत दोघा भावांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ४८ म्हणून ओळखला जातो; पूर्वी त्याला ४ हा क्रमांक होता. भाविकाने तो डोळे उघडे ठेवून पाहिला तर एक नवल ध्यानात येते. ह्या वाटेवर नीरा लागते, कृष्णा लागते, कऱ्हाडजवळ कोयना, पुढे वारणा, कोल्हापूरची पंचगंगा, कागलजवळची दूधगंगा. कर्नाटकात घटप्रभा, मलप्रभा, वरदा, तुंगभद्रा आणि हिरियूरची वेदवती. नावे निराळी, पाणी पिणाऱ्यांच्या भाषा निराळ्या. परंतु ह्या साऱ्या नद्या कोठल्या ना कोठल्या मार्गाने कृष्णेलाच मिळतात. नीरा भीमेतून जाते, वरदा आणि वेदवती तुंगभद्रेतून जातात, इतकाच भेद. शेकडो किलोमीटर मनुष्य जणू कृष्णेच्याच पदराखाली चालत असतो. दोघा भावांनी त्या दिवशी ह्यांतील बहुतेक पुलांवरून गाडी नेली. एकाच उगमाचे ते दोघे, आणि दोघांमध्ये एका शब्दाचाही ओघ नव्हता. कऱ्हाड गेले, कोल्हापूर गेले, निपाणी गेली, बेळगाव गेले. ‘काच खाली करू का?’ ‘हं.’ एवढेच बोलणे झाले.

धारवाडला दुपारी एकच्या सुमारास एका खानावळीत ज्वारीची भाकरी आणि झुणका घेऊन दोघे जेवले. थोरल्याने आईसाठी धारवाडी पेढे घेतले. पैसे देताना दोघांचेही हात एकदम पुढे आले. “राहू दे दादा, मी देतो,” धाकटा म्हणाला. “नको. तुझे उपकार घेऊन पुन्हा न्यायालयात ते ऐकायचे नाहीत मला,” थोरला म्हणाला. त्या एका वाक्याने सहा वर्षांचे दार उघडले. गाडी हुबळीबाहेर पडेपर्यंत वडिलांच्या आजारपणाचा खर्च निघाला, कौले बदलल्याचा हिशेब निघाला, लग्नातला आहेर निघाला. थोरला शांत आवाजात एकेक शब्द असा टाकत होता की तो नेमका लागावा. धाकट्याचा पाय वेगयंत्रावर दाबला गेला. हावेरीच्या अलीकडे एका मालमोटारीला ओलांडताना समोरून दुसरी गाडी बाजूच्या रस्त्यावरून आत आली, आणि केवळ हाताच्या अंतराने दोघे वाचले.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बासष्टाव्या आणि त्रेसष्टाव्या श्लोकांत भगवंतांनी विनाशाची जी पायरीपायरीने उतरण सांगितली आहे, ती मनुष्याला बहुधा ग्रंथातच खरी वाटते. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश, आणि अखेर बुद्धीचा नाश. त्या दिवशी ही सारी उतरण अर्ध्या तासात पूर्ण झाली. काही गुंठे जमिनीच्या चिंतनाने तिचा आरंभ झाला, आणि रस्त्यावर समोर गाडी आहे ही स्मृतीच नाहीशी झाली. लगाम सुटला तो धाकट्याचा. पण सोडवला कोणी? शेजारी बसलेल्या थोरल्याने. तो काही वेळ शल्य झाला होता. शब्द खरे असतील. परंतु सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन करताना भगवंतांनी केवळ सत्य पुरेसे मानलेले नाही. ते उद्वेग न देणारे हवे, प्रिय हवे आणि हितकर हवे. वाहन हाकणाऱ्या माणसाच्या कानात कडू सत्य ओतणे हे तप नव्हे.

दोघेही हादरले आणि गप्प झाले. दुपार उतरत असता तुंगभद्रेचा पूल आला; पलीकडे हरिहर. ह्या गावी इ.स. १२२४ मध्ये होयसळ राजा दुसरा नरसिंह ह्याच्या पोळाळ्व नावाच्या सेनापतीने हरिहरेश्वराचे मंदिर बांधले. तेथील मूर्ती अर्धी विष्णूची आणि अर्धी शिवाची आहे. क्षेत्राची कथा अशी की, गुहासुर नावाच्या दैत्याने हरीकडूनही मरण येणार नाही आणि हराकडूनही येणार नाही असा वर मिळवला होता. तेव्हा दोघे एकरूप होऊन प्रकटले आणि त्यांनी त्याचा वध केला. कथेचे मर्म गृहस्थाच्या घरालाही लागू आहे. काही दैत्य असे असतात की ते एकट्याला भीत नाहीत. आईबापांचे वार्धक्य, घरातले आजारपण, कुळात शिरलेले वैर, ह्यांच्यापुढे एकटा भाऊ कितीही कर्ता असला तरी अपुरा पडतो.

दावणगेरेवरून गाडी पुढे गेली. ह्याच जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे म्हणून गाव आहे. इ.स. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे भोसले शिकारीत घोड्यावरून पडून तेथे निवर्तले. त्यांची समाधी तेथेच आहे. ज्या बंगळूरकडे हे दोघे भाऊ चालले होते, ते नगर केंपेगौडाने सोळाव्या शतकात वसवले आणि इ.स. १६३८ मध्ये विजापूरकरांनी ते जिंकल्यावर शहाजीराजांकडे आले. तेथेच त्यांचे ठाणे होते. बाल शिवाजी जिजाऊंसह काही काळ तेथे राहून गेले; त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी दक्षिणेतच वाढले. राजांच्या मागे ही जहागीर व्यंकोजींकडे राहिली. मल्लेश्वरम् भागातील काडु मल्लेश्वर देवालयात इ.स. १६६९ चा व्यंकोजींचा दानलेख आजही आहे; देवाला एक गाव दिल्याचे त्यात नोंदलेले आहे.

इ.स. १६७७ मध्ये छत्रपती दक्षिणेत उतरले, तेव्हा तिरुमळवाडी येथे दोघे बंधू भेटले. वडिलांच्या दौलतीत वाटा मिळावा, ही थोरल्याची मागणी. धाकट्याला ती रुचली नाही, आणि तो एके रात्री न सांगता निघून गेला. पुढे दोन्हीकडच्या फौजा लढल्या. एका पित्याच्या दोन पुत्रांची माणसे एकमेकांच्या तलवारींनी पडली. व्यंकोजींचा पराभव झाला. जेत्याने सर्व घेतले असते तर कोणी विचारणारे नव्हते. परंतु तह झाला तो निराळाच. तंजावर व्यंकोजींकडे राहिले. आणि बंगळूर व भोवतालचा मुलूख छत्रपतींनी व्यंकोजींची पत्नी दीपाबाई हिला चोळी-बांगडीसाठी म्हणून दिला. ज्या वाट्यासाठी रक्त सांडले, तो वाटा घरातील एका स्त्रीच्या ओटीत पडला.

एवढ्यावर ही कथा संपत नाही. पराभवाने खचून व्यंकोजी उदास झाले. राज्यकारभार सोडून विरक्तासारखे राहू लागले. तेव्हा थोरल्या बंधूंनी त्यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, हे वैराग्याचे दिवस नव्हेत. रिकामे बसू नये, पराक्रम करावा, कर्तव्य करावे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाशी हे पत्र ताडून पाहावे. ज्याच्याशी युद्ध केले, त्याच्याच रथावर जाऊन बसणे आणि त्याचे गळालेले धनुष्य पुन्हा त्याच्या हाती देणे, हे बंधुत्व होय. जिंकणे सोपे असते. जिंकलेल्याचे तेज परत देणे कठीण.

आता पुन्हा त्या वाटेकडे वळावे. चित्रदुर्ग मागे पडले, हिरियूर गेले. शिऱ्याच्या अलीकडे सूर्य मावळतीस गेला होता. पहाटेपासून वाहन हाकणाऱ्या धाकट्याच्या पापण्या जड झाल्या. गाडी एकदा किंचित डावीकडे सरकली, मग पुन्हा सरकली. थोरल्याने ते पाहिले. दुपारचा प्रसंग मनात ताजा होता; ‘काही बोलावे तर पुन्हा भडका उडेल’ असा विचार आला. परंतु त्याने आवाजात राग येऊ न देता हाक मारली. सहा वर्षांत न उच्चारलेले बाळपणीचे नाव त्याच्या तोंडून आपोआप निघाले. “बाळ्या, गाडी कडेला घे. थकला आहेस तू. आता मी चालवतो.”

धाकट्याने काहीही न बोलता गाडी कडेला घेतली. दोघे उतरले, तोंडावर पाणी मारले, एका टपरीवर उभे राहून चहा घेतला. द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. जयद्रथवधाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी पोहोचण्याची पराकाष्ठा चालली असता श्रीकृष्णांनी भर रणांगणात घोडे सोडले, त्यांच्या अंगात रुतलेले बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि मगच पुन्हा जुंपले. थांबण्याची वेळ ओळखणे हाही सारथ्याचा धर्म आहे. निद्रा आणि जागरण ह्यांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखनाशक होतो, असे सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, ते हेच.

थोरला चाकावर बसला. धाकटा शेजारी बसला आणि पाचच मिनिटांत गाढ झोपी गेला. त्याची मान कलून थोरल्याच्या खांद्याला लागली. अंधार पडला होता. समोरून दिवे येत होते. त्या प्रकाशात थोरल्याच्या मनात जे आले, ते ह्या सर्व दृष्टांताचे सार आहे. ‘ज्याला आपण सही करताना कागद तीनतीनदा वाचायला लावतो, तो आपल्या हाती जीव ठेवून झोपला आहे. आणि आपणही सकाळपासून आपला जीव त्याच्या हाती दिला होता. दोन गुंठ्यांच्या बाबतीत ज्याचा विश्वास नाही, त्याच्यावर प्राणांचा विश्वास कसा बसला?’ उत्तर सरळ होते. विश्वास कधी गेलाच नव्हता. त्याच्यावर कागदांची रास पडली होती.

मग त्याला मागच्या पिशवीतले पाकीट आठवले. आईचे औषधपाणी सहा वर्षे कोण करत होते? रात्रीबेरात्री तिला उठवून बसवणारे कोण? आणि वाट्यांचे दोन भाग करताना तिसरे नाव खोडायचे, ह्यावर दोघांचे किती सहज एकमत झाले होते! इ.स. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलेला आहे. बहीण आपण होऊन, जाणूनबुजून, आनंदाने काही सोडील तर ती तिची थोरवी. परंतु आजारी आईच्या खाटेशेजारी तिच्यापुढे कागद धरणे ही तिच्या प्रेमाची केलेली वसुली होय. शास्त्र ह्याला लोभ म्हणते, आणि सोळाव्या अध्यायात काम व क्रोध ह्यांच्या जोडीला तिसरे नरकद्वार म्हणून त्याचीच गणना झाली आहे.

तुमकूरच्या पुढे धाकटा जागा झाला. थोरला एवढेच म्हणाला, “ते पाकीट आक्कापुढे काढायचे नाही. आईचे होऊ दे. मग तिघांनी बसून पाहू.” धाकटा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, “तिघांनीच बसायला हवे होते, दादा. पहिल्यापासून.”

रात्री दहाला गाडी बंगळूरच्या त्या घरासमोर थांबली. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने आधी गाडी मोजली, मग माणसे मोजली, आणि आत वळून मुलीला म्हणाली, “दोन ताटे घे.” दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेचे काय झाले, दाव्याचा निकाल पुढे कसा लागला, हे ह्या दृष्टांतात सांगण्याचे कारण नाही. फळावर मनुष्याचा अधिकार नाही. त्या दिवसापुरते जे कर्म त्यांच्या हाती होते, ते एका भावाने सायंकाळी केले आणि दुसऱ्याने ते नाकारले नाही. पाकीट पिशवीतून निघाले नाही, एवढे मात्र खरे.

पाचव्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात भगवंतांनी स्वतःला सर्व भूतांचा सुहृद म्हटले आहे. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जो हित करतो, तो सुहृद. अकराव्या अध्यायात अर्जुन क्षमा मागतो ती कोणत्या अपराधांची? खेळताना, निजताना, बसताना, जेवताना आपण तुला केवळ सोबती समजून हलकेपणाने बोललो, ह्याची. शेजारी साक्षात परमेश्वर बसला असता त्याला अर्जुनाने ओळखले नाही. गृहस्थाची गत ह्याहून निराळी नाही. जो अंतर्यामी सुहृद आहे, तो पुष्कळदा भावाच्या, पत्नीच्या, बहिणीच्या रूपाने शेजारच्या आसनावर बसलेला असतो. आणि मनुष्य वाटभर त्याचा हिशेब करत राहतो.

म्हणून कल्याणेच्छू गृहस्थाने प्रवासाचा दिवस वाया गेलेला दिवस समजू नये. निघताना इष्टदेवतेचे स्मरण करावे. वाहन हाकणाऱ्याशी वाद घालू नये. जे बोलणे आवश्यक पण कटू असेल ते मुक्कामाला पोहोचेपर्यंत राखून ठेवावे, आणि तेथे पोहोचल्यावर ते खरोखरच आवश्यक आहे का हे पुन्हा पाहावे. आपण हाकत असलो तर थकवा लपवण्यात पुरुषार्थ मानू नये. शेजारी असलो तर झोपी जाऊन सर्व भार दुसऱ्यावर टाकू नये. जागे राहावे, पाणी द्यावे, मधून मधून बरे बोलावे. ज्याच्याशी वैर आहे, त्याच्याबरोबर एक दिवस एका वाहनातून जाण्याचा योग आला तर तो ईश्वराचा प्रसाद समजावा. आणि दिवस मावळताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा, ‘आज मी ह्याचा शल्य झालो की सारथी?’

शरीररूपी रथाचा हा प्रवास केव्हा संपेल हे कोणालाच ठाऊक नाही; परंतु तो एकट्याचा नाही, हे निश्चित आहे. ज्याने अर्जुनाचे लगाम हाती घेतले तोच प्रत्येकाच्या हृदयरथात बसलेला आहे. शेजारच्या माणसाचा हात सोडून त्याचा हात धरता येत नाही.